सन १८६७ च्या २५ व्या आक्टाची ग्रंथनोंद आणि नगर जिल्ह्यातील ग्रंथांचा पुनर्मुद्रणाधिकार

जुन्या मराठी पुस्तकांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकास मुखपृष्ठाच्या पाठीवरील एक मजकूर चांगला परिचयाचा असतो. सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे पुस्तकाची नोंद केली असून सर्व हक्क मालकाने आपणाकडे ठेविले आहेत, असा त्याचा आशय असतो. हा मजकूर पाहून कोणी संग्राहक पुस्तकास हात लावण्यास कचरतो, तर कोणी पुस्तक जुने झाले एवढ्यावरून ते खुशाल छापावयास देतो. दोघांपैकी एकानेही त्या आक्टात काय लिहिले आहे हे पाहिलेले नसते. तो आक्ट दिनांक १ मार्च २०२४ रोजी रद्द झाला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा केवळ नियतकालिकांपुरता असून त्यात पुस्तकांच्या नोंदीस स्थान नाही. म्हणजे १५७ वर्षे जी नोंदपद्धती कायद्याच्या आधारावर उभी होती, तिचा आधार आता उरलेला नाही. अशा वेळी त्या नोंदीचे स्वरूप काय होते, तिच्यातून ग्रंथस्वामित्वाचा निर्णय कितपत लागतो, आणि नगर जिल्ह्याशी संबंध असलेल्या ग्रंथांस ती लावून पाहिली असता काय दिसते, याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. जुना ग्रंथ पुन्हा छापावयाचा, त्यातील उतारे पाठ्यपुस्तकात घ्यावयाचे, किंवा त्याची छायाप्रत करून दूरच्या अभ्यासकास द्यावयाची, तर परवानगी कोणाकडे मागावी हा प्रश्न पहिला. आणि त्याचे उत्तर ग्रंथाच्या वर्णनात असावे लागते.

ग्रंथाबरोबर ग्रंथाचे वर्णन ठेवण्याची चाल छापखान्याबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही. नगर जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या शेवटी शके १२१२ हा काल, गोदावरीच्या दक्षिण तीरावरील क्षेत्र, तेथील महालया देवता, रामचंद्र यादवाचे राज्य आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव इतका तपशील ओवीबद्ध आहे. स्थळ, काल, राज्य, कर्ता व लेखक हे पाच रकाने येथे भरलेले आहेत, असे आजच्या भाषेत म्हणता येईल. जुन्या पोथीत लेखक म्हणजे लिहिणारा, कर्ता नव्हे, हा भेद पुढील काळातील ग्रंथसूचीकारांनी पुष्कळदा घोटाळ्यात टाकला आहे; मूळ पोथीत तो घोटाळा नाही.

याहून महत्त्वाचे उदाहरण एकनाथांचे. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी त्याची नोंद लिहिली. त्या नोंदीत त्यांनी शोधनाचे कारण सांगितले, संवत्सर सांगितले, आणि पुढील नकलकारास एक अटही घातली. या पाठात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाचा दृष्टान्त त्यांनी दिला आहे. नकल करावी, परंतु पाठात भर घालू नये, अशी ही अनुज्ञा आहे. ती मोडणारास दंड करणारी कचेरी अर्थातच नव्हती. तथापि अट ग्रंथाच्या पोटातच लिहिली असल्यामुळे ती प्रत्येक नकलेबरोबर गेली. वेगळ्या दप्तरात ठेवलेल्या परवानगीपेक्षा ही युक्ती अधिक टिकाऊ ठरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. छपाईच्या काळात बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली, आणि राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून मानलेल्या प्रतीवरून आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. कोणता पाठ कोणत्या प्रतीवरून आला हे सांगण्याची जबाबदारी त्या नोंदीमुळेच संपादकांवर येऊन पडली.

राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती यांचा मार्ग थोडा निराळा होता. भक्तविजय हा ५७ अध्यायांचा ग्रंथ त्यांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ साली पुरा केला. ग्रंथारंभीच त्यांनी नाभाजी व उद्धवचिद्घन या दोघा पूर्वसूरींच्या चरित्रांचा आधार घेतल्याचे सांगून टाकले आहे. दुसऱ्याच्या ग्रंथावरून आपला ग्रंथ केला असता मूळ कर्त्याचे नाव सांगावे, एवढा शिष्टाचार त्या काळी पुरेसा समजला जाई. महिपतींचे ग्रंथ पुढे शिळाछापावर व खिळ्यांवर अनेकांनी छापले. त्यात कोणाचा हक्क बुडाला असे म्हणता येत नाही, कारण महिपती १७९० साली वारले आणि त्यांच्या हयातीत या देशात ग्रंथस्वामित्वाचा कायदाच नव्हता. काही संग्राहक आपल्या घरच्या अप्रकाशित पोथीवर ग्रंथस्वामित्व सांगतात. पोथीचा कागद त्यांचा आहे, ती कोणास दाखवावी व कोणास न दाखवावी हेही त्यांच्या मर्जीचे आहे. परंतु अठराव्या शतकातील कर्त्याचा शब्द त्यांच्या मालकीचा होत नाही. कर्त्याच्या मृत्यूसमयी हक्क अस्तित्वात असेल तरच तो मरणोत्तर प्रसिद्धीनंतर चालतो, असा कायद्याचा स्पष्ट दंडक आहे.

कायद्याचा प्रवेश १८४७ च्या २० व्या आक्टाने झाला. कंपनी सरकारच्या मुलखात विद्येस उत्तेजन द्यावे हा त्याचा घोषित हेतू होता, आणि विलायतेतील १८४२ च्या कायद्याच्या धर्तीवर तो रचला होता. कर्त्याचे आयुष्य व त्यापुढे सात वर्षे, किंवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षे, यांतील जी मुदत अधिक ती हक्काची मुदत ठरली. मात्र हक्क आपोआप मिळत नसे. सरकारी वहीत नोंद असल्यावाचून मालकास दावा चालविता येत नसे. या आक्टात दुय्यम परवान्याचेही एक बीज आहे. कर्ता वारल्यावर मालक पुस्तक पुन्हा छापू देण्याचे नाकारील तर सरकार दुसऱ्यास छापण्याचा परवाना देऊ शकत असे. मासिके, कोश व खंडशः निघणारे ग्रंथ यांतील हक्क प्रकाशकाकडे किंवा चालकाकडे जाईल असेही त्यात होते. नगरच्या दृष्टीने हे शेवटचे कलम महत्त्वाचे, कारण अमेरिकन मराठी मिशनने जून १८४२ मध्ये रे. हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्ञानोदय’ नगरासच सुरू केला होता. पुढे तो मुंबईस गेला. आरंभीच्या अंकांतील निनावी मजकुराचा कर्ता शोधीत बसण्याचे संशोधकास इतर अनेक कारणांनी अगत्य असेल, परवानगीच्या कारणाने मात्र नाही. निनावी लेखनाची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजली जाते, आणि ती केव्हाच संपली आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. १८६७ च्या आक्टाने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, तसेच प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे सक्तीचे केले. छापखाना चालविणाराने मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावयाचे, छापून झालेल्या पुस्तकाच्या प्रती महिन्याच्या आत सरकारात द्यावयाच्या, आणि न दिल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड भरावयाचा. या प्रतींवरून सरकारी अधिकाऱ्याने एका वहीत टिपण करावयाचे, व दर तिमाहीची टिपणे सरकारी गॅझेटात प्रसिद्ध करावयाची, अशी योजना अठराव्या व एकोणिसाव्या कलमांत आहे. अठराव्या कलमात टिपणाच्या चौदा बाबी सांगितल्या आहेत. पुस्तकाचे नाव व मुखपृष्ठावरील मजकूर, तो इंग्रजी नसल्यास इंग्रजी भाषांतरासह; भाषा; पुस्तकाचा किंवा त्याच्या कोणत्याही भागाचा कर्ता, भाषांतरकार अथवा संपादक; विषय; मुद्रण व प्रकाशन यांची स्थळे; मुद्रक व प्रकाशक यांची नावे; छापखान्यातून बाहेर पडल्याची तारीख; ताव, पत्रे किंवा पृष्ठे यांची संख्या; आकार; आवृत्ती कितवी; प्रती किती; छापील की शिळाछाप; किंमत; आणि शेवटी ग्रंथस्वामित्वाच्या किंवा त्याच्या कोणत्याही अंशाच्या मालकाचे नाव व राहण्याचे ठिकाण.

या यादीची रचना ज्याने केली तो कोणी का असेना, त्यास पुस्तकाची जात ठाऊक होती असे म्हणावे लागते. ‘पृष्ठे’ एवढेच न लिहिता ‘ताव, पत्रे किंवा पृष्ठे’ लिहिले, यामुळे न बांधलेली, आडव्या पत्रांची पोथी या नोंदीत बरोबर बसते. ज्याने भक्तविजयाची शिळाछाप पोथी हाती घेतली आहे त्यास पत्रे आणि पृष्ठे यांचा गोंधळ किती होतो हे सांगावयास नको. एका सूचीत पत्रसंख्या व दुसरीत पृष्ठसंख्या लिहिली गेली की एकच पुस्तक दोन आवृत्त्या म्हणून मोजले जाते. ‘छापील की शिळाछाप’ हा प्रश्नही असाच मार्मिक आहे. शिळाछाप म्हणजे लेखनिकाच्या हस्ताक्षराचा ठसा. त्यात पाठाची चूक खिळे जुळविणाऱ्याची नसून लिहिणाऱ्याची असते, व पाठचिकित्सा करणाराने तिचा निराळा हिशेब ठेवावयाचा असतो. प्रतींची संख्या व किंमत हे दोन रकाने तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा सापडत नाहीत. ते केवळ या नोंदीमुळे वाचले.

परंतु माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘कोणत्याही भागाचा’ आणि ‘कोणत्याही अंशाच्या’ हे आहेत. एका पुस्तकाचे कर्ते अनेक असू शकतात आणि एका पुस्तकातील हक्काचे मालकही अनेक असू शकतात, हे १८६७ साली कायदा लिहिणाराने ओळखले होते. आज पुनर्मुद्रणाच्या बहुतेक तंट्यांचे मूळ हा अंश न ओळखण्यात असते. पुस्तक जुने, कर्ता दिवंगत, हे पाहून मोकळे होणारा प्रकाशक प्रस्तावना कोणाची, टीपा कोणाच्या, भाषांतर कोणाचे, चित्रे कोणाची हे पाहत नाही.

या टिपणास हक्काच्या नोंदीचे बळ कसे येई तेही सांगितले पाहिजे. मूळ आक्टाप्रमाणे दोन रुपये फी भरली असता हे टिपण १८४७ च्या आक्टाखालील वहीतील नोंदीसारखेच मानले जाई. म्हणजे प्रत देणे व टिपण होणे हे प्रत्येक पुस्तकाच्या बाबतीत घडावयाचे, परंतु हक्काची नोंद फी भरणाराचीच होई. मुखपृष्ठामागील मजकुरावरून फी भरली होती की नाही हे कळत नाही. शिवाय १९१४ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याने १८४७ चा आक्ट व १८६७ च्या आक्टातील हा परिणाम, दोन्ही नाहीसे केले. तेथून पुढे हक्क नोंदीवाचून उत्पन्न होऊ लागला. सवयीने तोच मजकूर पुढे कित्येक वर्षे छापला गेला, त्याचा हक्काशी संबंध उरला नव्हता. एखाद्या १९२५ च्या पुस्तकावरील ‘२५ व्या आक्टाप्रमाणे’ या शब्दांनी भिणारे संग्राहक मी पाहिले आहेत. त्यांचे भय निराधार आहे, पुस्तकावरील हक्क मात्र कदाचित निराधार नसेल.

या टिपणांवरून व त्यांच्या आधीच्या याद्यांवरून पुढे मोठ्या सूची झाल्या. सर अलेक्झांडर ग्रँट यांची १८६४ अखेरपर्यंतच्या मुंबई इलाख्यातील देशी प्रकाशनांची यादी, ब्रिटिश म्यूझियममधील मराठी पुस्तकांची ब्लूमहार्टकृत १८९२ ची सूची, आणि १८०० ते १९५० हा काळ दोन खंडांनी व्यापणारी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची ही नावे येथे पुरेत. दात्यांचे ऋण प्रत्येक मराठी संशोधकावर आहे. पण हक्काचा रकाना कोणत्याच सूचीकाराने पुढे चालविला नाही. सूचीकारास पुस्तक ओळखू यावे एवढीच गरज होती, आणि ती पुरी झाली.

चौदा रकान्यांत एक मोठी उणीव आहे, आणि ती कायद्याच्या पुढील वाटचालीने उघडी पडली. त्यात कर्त्याच्या मृत्यूचे साल नाही. १८४७ च्या नियमात बेचाळीस वर्षांचा किमान आधार प्रसिद्धीच्या तारखेवर होता, म्हणून सातव्या रकान्यातील तारखेवरून पुष्कळसे काम भागे. १९१४ च्या कायद्याने कर्त्याचे आयुष्य व पुढे पन्नास वर्षे अशी मुदत केली. १९५७ च्या कायद्याने, जो जानेवारी १९५८ पासून अमलात आला, तीच मुदत ठेवली. पुढे १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ वर्षांची झाली, व डिसेंबर १९९१ अखेरीस ज्यांचा हक्क जिवंत होता त्यांनाच ती वाढ मिळाली. मोजणी मृत्यूनंतरच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून करावयाची. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क १९७६ अखेरीस संपला. एक दिवस अधिक जगते तर तो वर्षभर पुढे गेला असता. ज्ञानेश्वरीचा मूळ शब्द सर्वांचा, परंतु राजवाड्यांची प्रस्तावना व टीपा १९७६ पर्यंत त्यांच्या वारसांच्या, असा हा एकाच पुस्तकातील अंशभेद आहे.

नगर जिल्ह्यातील ग्रंथांस हे माप लावून पाहू. नारायण वामन टिळक नगर व राहुरी येथे राहिले; ते मे १९१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता १९६९ अखेरीस मोकळी झाली. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली वारल्या. १९३४ पासून निघू लागलेल्या स्मृतिचित्रांच्या, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भागांवरील हक्क १९८६ अखेरीस संपला, आणि १९९२ ची वाढ त्यास लागत नाही. ख्रिस्तायनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचे आरंभीचे अध्याय टिळकांचे, पुढील बहुतेक लक्ष्मीबाईंचे, आणि ग्रंथ लोकांपुढे आला तो टिळकांच्या पश्चात. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून चालते. म्हणून येथे ‘कर्ता : टिळक’ एवढी नोंद निरुपयोगी आहे. कोणते अध्याय कोणाचे आणि ते प्रथम केव्हा छापले गेले, या दोन गोष्टी नोंदीत असल्या पाहिजेत. ग्रंथालयांच्या पत्रकांवर दोन नावे एकापुढे एक लिहिलेली दिसतात, मधली रेघ कोठे आहे ते दिसत नाही.

भाषांतराचा हक्क तर स्वतंत्रच मोजावा लागतो. १९१४ च्या कायद्याने या देशात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा एकाधिकार प्रसिद्धीपासून दहाच वर्षे ठेवला होता. त्या अवधीत कर्त्याने स्वतः किंवा त्याच्या संमतीने एखाद्या भाषेत भाषांतर झाले तर त्या भाषेपुरता तो पुढे चाले. हा नियम मराठी प्रकाशकांत फारसा माहीत नव्हता असे दिसते. स्मृतिचित्रांचे ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली ऑक्सफर्डने काढले. पहिल्या भागाची दहा वर्षे त्यापूर्वी १९४४ सालीच भरली होती.

महिपतींच्या इंग्रजी अवताराकडे पाहिले म्हणजे उलट्या बाजूचा प्रश्न दिसतो. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांनी महाराष्ट्रीय संतकवींची माला इंग्रजीत आणण्यास आरंभ केला. भक्तविजयाचे भाषांतर त्यांच्या व पंडित नरहर गोडबोले यांच्या नावे, अॅबट १९३२ साली वारल्यानंतर प्रसिद्ध झाले. मूळ ग्रंथ केव्हाच मोकळा. भाषांतर दोघांचे मिळून असल्यास मुदत दोघांपैकी शेवटी वारलेल्याच्या मृत्यूपासून चालते. सूचीत पाश्चात्त्य पंडिताचे नाव आधी, ठळक, जन्ममृत्यूच्या सालांसह; मराठी पंडिताचे नाव मागे, सालांवाचून. परवानगीचा सारा निर्णय ज्या सालावर अवलंबून, तेच साल लिहिलेले नसते. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. देशी साहाय्यकाचे चरित्र नोंदीतून गळाले की त्याच्या वारसाचा हक्कही गळतो, किंवा हक्क कधी संपला हे न कळल्यामुळे ग्रंथ कुलूपबंद राहतो.

ज्या ग्रंथाचा मालक सापडत नाही त्याची आज सोय आहे. १९५७ च्या कायद्यातील ३१-अ हे कलम १९८३ साली अप्रकाशित ग्रंथांसाठी घातले गेले आणि २०१२ मध्ये प्रकाशित ग्रंथांपर्यंत विस्तारले. कर्ता मृत वा अज्ञात असेल, किंवा मालक सापडत नसेल, तर अर्ज करून परवाना मिळविता येतो; अर्जापूर्वी इंग्रजी दैनिकात, आणि भाषांतराचा अर्ज असल्यास त्या भाषेच्या दैनिकातही, आपला मनोदय प्रसिद्ध करावा लागतो. १८४७ च्या आक्टातील बीजाचाच हा विस्तार म्हणता येईल. परंतु मालक सापडत नाही असे म्हणावयास आधी तो शोधावा लागतो, आणि शोधाचे पहिले साधन म्हणजे त्या तिमाही याद्यांतील चौदावा रकाना. मालकाचे नुसते नाव नव्हे, राहण्याचे ठिकाणही त्यात आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रकाशकाचा वंश शोधणारास गल्लीचे वा गावाचे नाव किती मोलाचे असते, हे वंशावळींवर काम केलेल्यांना ठाऊक आहे.

प्रकाशकांच्या जगात आता नव्या मांडण्या रूढ झाल्या आहेत. १९७० पासून चालू असलेला पुस्तकाचा प्रमाण क्रमांक २००७ मध्ये तेरा अंकी झाला. ग्रंथवर्णनाची ‘ओनिक्स’ नावाची, यंत्रास वाचता येईल अशी मांडणी २००० साली निघाली. त्याच वर्षी नवी दिल्लीस छायाप्रतींच्या परवान्यांसाठी इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन ही संस्था निघाली. कोणत्या देशात कोणत्या रूपात पुस्तक विकण्याचा हक्क कोणाचा, हे ओनिक्समध्ये ठराविक संकेतांनी लिहिता येते. आजच्या पुस्तकास हे उपयोगी आहे. १९७० पूर्वीच्या पुस्तकास क्रमांक नाही, आणि जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढून तिला क्रमांक दिला तरी तो त्या आवृत्तीचा, ग्रंथाचा नव्हे. म्हणून जुन्या ग्रंथांच्या वर्णनाचे काम संग्राहक व संशोधनमंडळे यांनाच करावे लागेल. माझी सूचना अशी की १८६७ चे चौदा रकाने जसेच्या तसे ठेवावेत. त्यांना प्रत्येक कर्त्याचे, भाषांतरकाराचे व संपादकाचे मृत्युवर्ष, ग्रंथाचा कोणता भाग कोणाचा, प्रथम प्रसिद्धीचे वर्ष, आणि मूळ ज्या प्रतीवरून घेतले ती प्रत, एवढी जोड द्यावी. शक असेल तेथे शकच लिहावा व त्यापुढे इसवी सन द्यावा. चैत्रापासून डिसेंबरअखेर अठ्ठ्याहत्तर व जानेवारीपासून फाल्गुनअखेर एकोणऐंशी मिळविण्याचा नियम सर्वांस माहीत आहे, पण महिना लिहिलेला नसेल तर दोन्ही साले लिहावीत, अंदाजाने एक ठरवू नये. हक्काच्या मोजणीत एक वर्षाचाही फरक पडतो हे वर राजवाड्यांच्या उदाहरणात आलेच आहे.

स्थळाच्या रकान्याविषयी विशेष सावधगिरी हवी. १८८४ च्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये या शहराचे नाव ‘अहमदनगर’ असे लिहिले आहे. नंतरच्या सरकारी इंग्रजीत त्याचे वर्ण बदलले. मराठी मुखपृष्ठांवर ‘अहमदनगर’, ‘अमदानगर’ व नुसते ‘नगर’ ही रूपे आढळतात. २०२४ साली जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. सूचीकाराने मुखपृष्ठावरील रूप अक्षरशः ठेवावे व आजचे नाव त्याच्या शेजारी स्वतंत्र लिहावे. जुन्या पुस्तकावर नवे नाव घातले तर गॅझेटातील नोंदीशी पुस्तकाचा मेळ बसणार नाही, आणि नवे नाव मुळीच न दिले तर उद्याच्या शोधकास पुस्तक सापडणार नाही.

शेवटी रचनास्थळाचा एक रकाना असावा असे मला वाटते. १८६७ च्या यादीत मुद्रणाचे व प्रकाशनाचे स्थळ आहे, रचनेचे नाही. जुन्या पुष्पिकांत ते हटकून असे. नगरच्या भुईकोट किल्ल्यात पं. जवाहरलाल नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. ते १९४६ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने काढले, म्हणून सूचीत ते कलकत्त्याचे पुस्तक आहे. नेहरू मे १९६४ मध्ये वारले, तेव्हा मूळ ग्रंथावरील हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. साने गुरुजींनी त्याचे ‘भारताचा शोध’ हे मराठी भाषांतर केले. गुरुजी जून १९५० मध्ये निवर्तले. भाषांतर त्यांच्या हयातीत छापले गेले असल्यास त्यावरील त्यांचा अंश २०१० अखेरीस मोकळा झाला, तरी पुढील चौदा वर्षे मूळ ग्रंथाच्या अंशामुळे त्याच मराठी पुस्तकास परवानगी लागत होती. त्याच किल्ल्यातून मौलाना आझादांनी लिहिलेली पत्रे ‘गुबारे खातिर’ या नावाने १९४६ मध्ये उर्दूत प्रसिद्ध झाली. आझाद १९५८ च्या फेब्रुवारीत वारले, आणि ते पुस्तक २०१९ च्या पहिल्या दिवसापासून कोणासही छापता येते.